बोंबलाला वारा लागतो

सुरतेच्या नवागाम-डिंडोली पट्ट्यात खानदेशी घरं इतकी, की बाजारात गुजरातीच्या जोडीला अहिराणीही ऐकू येते. जळगाव-धुळ्याच्या या मंडळींच्या गावाकडे समुद्र नाही, पण कळण्याच्या भाकरीसोबत भाजलेल्या बोंबलाची चटणी हवीच. दिवाळी सरली की सुक्या मासळीची चौकशी सुरू होते.

हा बोंबील, गुजरातीत बूमला, खोल समुद्रात पाठलाग करून धरावा लागत नाही. खंभातच्या आखातात भरती-ओहोटीची ओढ जबर. भावनगरकडे पाण्याच्या पातळीतला फरक दहा मीटरच्या घरात जातो. एवढी ओढ असताना मासळीमागे धावायचं कशाला? किनाऱ्यालगत खुंटांना डोल जाळी बांधायची, नरसाळ्यासारखं तिचं तोंड प्रवाहाकडे करायचं आणि थांबायचं. जवळा, बोंबील, मांदेली, जे वाहत येईल ते शेपटाच्या बारीक आसाच्या पिशवीत साठतं. पाणी वळायच्या आत ती उपसायची. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला ओढ जास्त म्हणून मासळीही जास्त. अष्टमीच्या सुमारास भांगाचं पाणी मंदावतं, तेव्हा जाळी दुरुस्त करत बसायचं. डोलवाल्याला इंजिनाइतकंच पंचांग लागतं, ते यामुळे.

पकडणं सोपं, टिकवणं कठीण. ओल्या बोंबलात नऊ दशांशाच्या आसपास पाणीच असतं. बर्फ नसेल तर काही तासांत तो लिबलिबीत होतो. म्हणूनच अमरेलीतल्या जाफराबादपासून पालघरच्या सातपाटीपर्यंत किनाऱ्यावर बांबूंच्या वलांड्या उभ्या राहतात. वाळवणाऱ्या बाया दोन बोंबील घेतात, जबडे उघडून एकाचा दुसऱ्यात अडकवतात. आत वळलेले बारीक दात घट्ट बसतात आणि जोडी दोरीवर लटकते. गाठ नाही, खिळा नाही, मीठही नाही.

आता खरी मेख. नुसतं ऊन पुरत नाही. ऑक्टोबरात ऊन कडक असतं, पण हवेत पावसाळ्याची ओल उरलेली. बाहेरून वाळलेला बोंबील आतून दमट राहतो आणि डब्यात बुरशी धरतो. थंडीत उत्तरेचा कोरडा, गार वारा सुटला की पाणी आतपर्यंत निघतं.

म्हणून वर्षाचा साठा दिवाळीच्या घाईत भरू नका. मार्गशीर्ष-पौषात घ्या, आणि घेताना एक बोंबील वाकवून पाहा. कडकन मोडला तर घ्या. नुसता वाकला, तर दुकानदार कितीही शपथा घेवो, परत ठेवा.