लाल बस कशी असावी? पायरी, निगा आणि थांब्यावरची वाट

आमच्या अम्मींना महिन्यातून एकदा गुडघ्याच्या डॉक्टरांकडे न्यावे लागते. थांब्यावर बस येताना दिसली की आम्ही तिचा नंबर वाचतो. अम्मी मात्र तिची पायरी पाहतात. पायरी उंच असली तर हळूच म्हणतात, "बेटा, ही जाऊ दे, पुढची घेऊ." आमची लेक कॉलेजला जाते. तिला पायरीचे काही वाटत नाही. तिला एवढेच हवे असते, की बस वेळेवर यावी आणि संध्याकाळी परतताना थांब्यावर एकटीने ताटकळत उभे राहावे लागू नये. आमच्या खालाजान उन्हाळ्यात फक्त एसी बसची वाट पाहतात. एका घरात तीन माणसे, तिघांची पसंती तीन तऱ्हांची.

यावरून घरात एक दिवस चांगलीच चर्चा रंगली. मुंबईच्या रस्त्यांवर आज इतक्या प्रकारच्या बस धावतात: जुन्या पद्धतीची साधी बस, सीएनजीवरची बस, छोटी मिनी बस, बारा मीटरची विजेवरची एसी बस आणि दुमजली विजेवरची बस. यातली चांगली कोणती? वाचकहो, हा प्रश्न आम्ही थोडा मनावर घेतला. निरनिराळ्या बसमधून फिरलो, माहिती गोळा केली. त्यातून जे हाती लागले ते येथे मांडत आहोत. बस हा आपल्या घरांचा रोजचा विषय आहे. स्वतःची गाडी नसलेल्या घरात शाळा, नोकरी, दवाखाना आणि नातेवाइकांकडची ये-जा, सारे तिच्यावरच अवलंबून असते.

शंभर वर्षांची सवारी

मुंबईत आधी ट्राम आली. १८७४ साली ती घोडे ओढत असत, १९०७ पासून ती विजेवर धावू लागली. पहिली मोटार बस १५ जुलै १९२६ रोजी अफगाण चर्च ते क्रॉफर्ड मार्केट या मार्गावर सुटली. १९३७ मध्ये दुमजली बस आली. १९४७ च्या ऑगस्टमध्ये हा सारा कारभार महापालिकेकडे आला आणि 'बेस्ट' हे नाव घरोघरी रुळले. ३१ मार्च १९६४ रोजी शेवटची ट्राम धावली. त्यानंतर रस्त्यावरच्या सार्वजनिक प्रवासाचा मुख्य भार बसवरच आला.

जुन्या दुमजली बसची आठवण आमच्या पिढीतल्या प्रत्येकाला आहे. वरच्या मजल्यावर पुढची जागा पकडण्यासाठी भावंडांत भांडणे होत. एकेकाळी अशा सुमारे ९०० बस शहरात होत्या. पण त्यांना खाली एक आणि वर एक असे दोन कंडक्टर लागत, डिझेलही जास्त लागे. नव्वदच्या दशकानंतर त्या कमी होत गेल्या. १५ सप्टेंबर २०२३ रोजी अंधेरीच्या ४१५ क्रमांकाच्या मार्गावर शेवटच्या जुन्या दुमजली बसला लोकांनी फुलांनी सजवून निरोप दिला. त्याआधीच, फेब्रुवारी २०२३ मध्ये विजेवरची एसी दुमजली बस रस्त्यावर आली होती. तिला दोन दारे आणि दोन जिने आहेत, त्यामुळे चढउतार लवकर होते. अशा ९०० बस येणार अशी घोषणा झाली होती. प्रत्यक्षात आल्या त्या पन्नासच्या आसपास.

पायरीचे गणित

आता अम्मींच्या पायरीकडे येऊ. आपल्याकडे पूर्वी बस म्हणजे ट्रकच्या सांगाड्यावर चढवलेली बॉडी असे. ट्रकची चौकट उंच, म्हणून बसची फरशीही जमिनीपासून मीटरभर किंवा त्याहून अधिक उंच. तिथवर पोहोचायला दोन-तीन उंच पायऱ्या चढाव्या लागत. पुढे केंद्र सरकारने शहरी बससाठी मापे ठरवून दिली. त्यांत तीन प्रकार आहेत: फरशी ९०० मिलिमीटर उंच असलेली, ६५० मिलिमीटरची आणि ४०० मिलिमीटरची. शेवटच्या प्रकाराला 'लो फ्लोअर' म्हणतात. ४०० मिलिमीटर म्हणजे साधारण सव्वा फूट. फुटपाथवरून पाय टाकला की माणूस थेट आत. त्यासाठी बस मात्र फुटपाथला खेटून उभी राहायला हवी.

मग सगळ्याच बस लो फ्लोअर का नाहीत? कारण प्रत्येक सोयीची काही किंमत असते. अशा बसची घडण वेगळी असते आणि ती महाग पडते. फरशी खाली आली की चाकांचे उंचवटे आत येतात आणि काही आसने कमी होतात. आपल्या रस्त्यांवरचे खड्डे आणि उंच गतिरोधक तिच्या पोटाला घासतात. पावसाळ्यात हिंदमाता किंवा सायनच्या गांधी मार्केटजवळ पाणी तुंबले की उंच बस त्यातून निघून जाईल, पण लो फ्लोअर बसच्या चालकाला दोनदा विचार करावा लागतो. तरीही आमचे मत सांगायचे तर पाणी वर्षातले काही दिवस तुंबते, म्हातारी माणसे, गरोदर स्त्रिया आणि कडेवर मूल घेतलेल्या आया मात्र वर्षभर बसने जातात. बुरखा किंवा साडी सावरत, हातात पिशवी घेऊन उंच पायरी चढणे काय असते, हे ती चढणाऱ्यालाच माहीत.

लहान की मोठी?

२०१९ पासून मुंबईत भाड्याच्या मिनी बस मोठ्या संख्येने आल्या. मिनी बसमध्ये साधारण वीस आसने असतात. बारा मीटरच्या बसमध्ये त्याच्या जवळपास दुप्पट. मिनी बसवर लोक नाराज असतात, कारण गर्दीच्या वेळी तिच्यात पाय ठेवायला जागा नसते. पण हिशेब थोडा वेगळ्या तऱ्हेने करून पाहा. एका मार्गावर चाळीस आसनांची एक बस दर वीस मिनिटांनी धावते. तिच्याऐवजी वीस आसनांची बस दर दहा मिनिटांनी सोडली, तर आसने तेवढीच राहतात, पण सरासरी वाट पाहण्याचा वेळ दहा मिनिटांवरून पाचवर येतो. कुर्ला, गोवंडी, भेंडीबाजार अशा दाटीच्या भागात, जिथे रस्त्याच्या कडेला हातगाड्या, दुकाने आणि माणसांची रीघ असते, तिथे लहान बस सहज वळते.

अडचण अशी, की दोन लहान बसना दोन चालक लागतात आणि चालकाचा पगार हा बस चालवण्याच्या खर्चातला मोठा भाग असतो. त्यामुळे होते असे, की मोठी बस काढून घेतली जाते आणि तिच्या जागी तितक्याच लहान बस येतात. आसने निम्मी होतात आणि वाट मात्र पूर्वीएवढीच पाहावी लागते. म्हणजे दोष मिनी बसचा नाही, तिच्या फेऱ्यांच्या संख्येचा आहे.

मोठ्या बसचा विषय निघाला की ९ डिसेंबर २०२४ ची रात्र आठवल्याशिवाय राहत नाही. कुर्ला पश्चिमेला ३३२ क्रमांकाच्या मार्गावरची विजेवरची बारा मीटरची बस भर गर्दीत अनियंत्रित झाली. अनेकांचे जीव गेले, चाळीसहून अधिक जखमी झाले. खटल्यात काय ठरायचे ते ठरेल. पण तेव्हा एक मुद्दा ठळकपणे पुढे आला तो प्रशिक्षणाचा. गिअर आणि क्लचच्या छोट्या बसवर हात बसलेल्या चालकाला विजेची मोठी बस देताना पुरेसे शिकवले जाते का? विजेच्या बसला क्लच नसतो. पेडल दाबताच ती पूर्ण जोर लावते. डिझेलच्या बसप्रमाणे इंजिनचा आवाज वाढून ती आपल्याला सावध करत नाही. तिचे सगळे गुण चालकाच्या सवयीवर अवलंबून आहेत. बसचा नमुना बदलला की माणसालाही नव्याने तयार करावे लागते. हे शिकवणेही बसच्या निगेचाच भाग आहे असे आम्हाला वाटते.

निगा कोण राखतो?

डिझेलच्या बसला इंजिन ऑइल, फिल्टर, क्लच प्लेट, गिअरबॉक्स अशा शंभर गोष्टी पाहाव्या लागतात. पण तिचे दुखणे डेपोतल्या जुन्या मेकॅनिकला आवाजावरून ओळखता येते. सीएनजीच्या बसचा धूर कमी, मात्र स्पार्क प्लग वेळेवर बदलावे लागतात, गॅसच्या नळ्या आणि वायरिंग काटेकोरपणे तपासावे लागते आणि सिलिंडरची दाबचाचणी ठरलेल्या मुदतीत करावी लागते. यात हयगय चालत नाही. फेब्रुवारी २०२३ मध्ये महिनाभरात आगीच्या तीन घटना घडल्यावर भाड्याच्या सुमारे ४०० सीएनजी बस रस्त्यावरून काढून घ्याव्या लागल्या होत्या.

विजेच्या बसला ऑइल नाही, क्लच नाही. वेग कमी करताना मोटारच बसला आवरते आणि थोडी वीज परत बॅटरीत जाते, म्हणून ब्रेकही कमी झिजतात. देखभालीचे काम पुष्कळ हलके होते. पण बॅटरीच्या वजनाने टायर लवकर झिजतात, एसी बरीच वीज खातो आणि डेपोत पुरेसे चार्जर नसतील तर चांगली बसही उभी राहते. बिघाड झाला तर पान्याने काम भागत नाही, संगणक लावून दोष शोधणारा कारागीर लागतो.

यापेक्षा मोठा प्रश्न आहे, ही निगा कोणाच्या हाती आहे? २०१० च्या सुमारास बेस्टकडे चार हजारांहून अधिक बस होत्या आणि त्या स्वतःच्या होत्या. त्या दुरुस्त करणारे कामगार तिचेच होते. आज एकूण बस तीन हजारांच्या आत आहेत आणि त्यांतल्या बहुतेक भाड्याच्या आहेत. या पद्धतीत बस, चालक, इंधन आणि देखभाल कंत्राटदाराची असते आणि त्याला प्रत्येक किलोमीटरमागे ठरलेले पैसे मिळतात. बस नवी असते तोवर हे छान चालते. तीन-चार वर्षांनी खर्च वाढू लागतो, दर मात्र जुनाच असतो. मग आज बदलायचा सुटा भाग उद्यावर ढकलण्याचा मोह होतो. २०२२ मध्ये एका कंत्राटदाराने परवडत नाही म्हणून आपल्या शेकडो मिनी बस काढून घेतल्या. कागदावर तो करार संपला. ज्या वस्त्यांत त्या बस जात होत्या, तिथल्या लोकांना मात्र शेअर रिक्षासाठी खिसा मोकळा करावा लागला.

प्रवाशाला काय हवे?

२०१९ च्या जुलैमध्ये पहिल्या पाच किलोमीटरचे तिकीट साध्या बसला ५ रुपये आणि एसीला ६ रुपये झाले, तेव्हा प्रवासी झपाट्याने वाढले. ९ मे २०२५ पासून तेच तिकीट १० आणि १२ रुपये झाले. आमच्या लेकीचे उदाहरण घ्या. रोज दोन वेळा, महिन्याला पंचवीस दिवस. पास न काढता एसी बसने गेली तर ३०० रुपयांचे ६०० झाले. असे दोघे-तिघे घरात असतील तर हा हिशेब जाणवण्याइतका आहे.

तरीही थांब्यावर आम्ही ज्यांच्याशी बोललो, त्यांतल्या फार थोड्या लोकांनी तिकिटाचा विषय आधी काढला. बहुतेकांचे पहिले वाक्य एकच होते: "बस येऊ तर दे." त्यानंतर बसायला जागा, मग पायरी, मग भाडे आणि सर्वांत शेवटी एसी. खालाजान सोडल्या तर एसीसाठी कोणी समोरची साधी बस सोडत नाही. आणि खरे सांगायचे तर मे महिन्यात एसी बंद पडलेली, खिडक्या न उघडणारी बस साध्या बसहून जास्त त्रासाची होते. सोय जितकी मोठी, तितकी तिची निगाही मोठी असावी लागते.

आपण काय मागावे?

आम्ही या चर्चेतून एका निष्कर्षाला आलो. विजेची बस चांगली की सीएनजीची, लहान चांगली की दुमजली, याचे एकच उत्तर नाही. रुंद रस्ता आणि मोठी गर्दी असेल तिथे बारा मीटरची किंवा दुमजली बस शोभते. गल्लीबोळाच्या वस्तीला लहान बसच बरी, पण फेऱ्या दुप्पट हव्यात. कोणताही नमुना आणा, त्याची पायरी खाली असली पाहिजे, चालक त्या गाडीवर शिकलेला असला पाहिजे आणि देखभालीचा पैसा करार लिहितानाच बाजूला ठेवलेला असला पाहिजे.

नव्या बसचे उद्घाटन झाले की आपण फोटो पाहतो आणि खूश होतो. त्या वेळी आपल्या नगरसेवकाला तीन प्रश्न विचारायला हरकत नाही. आमच्या मार्गावर दर किती मिनिटांनी बस सुटणार? तिची फरशी किती उंच आहे? आणि पाचव्या वर्षी तिची दुरुस्ती कोण करणार? तक्रार करायची झाली तर नुसती चिडचिड करू नये. मार्ग क्रमांक, गाडीच्या पाटीवरचा नंबर, थांबा, तारीख आणि वेळ लिहून द्यावी. अशी तक्रार टाळणे अवघड जाते. वस्तीतल्या दहा घरांनी एकत्र लिहिली तर आणखी अवघड जाते.

परवा अम्मींना पुन्हा डॉक्टरांकडे नेले. लो फ्लोअर बस आली, चालकाने ती फुटपाथला नीट लावली. अम्मींनी एका हाताने दांडा धरला आणि आमचा हात न घेता आत गेल्या. जागेवर बसल्यावर त्यांनी चालकाला दुआ दिली आणि आम्हाला विचारले, "परतीलाही हीच मिळेल ना?" त्याचे उत्तर आमच्याकडे नव्हते. परतताना आम्ही पस्तीस मिनिटे उभे होतो. शेवटी रिक्षा केली.