पिल्लांचे डोळे लवकर उघडले तेव्हा

उंदराच्या पिल्लांचे डोळे जन्मानंतर १२ ते १४ दिवसांनी उघडतात. अमेरिकेत स्टॅन्ली कोहेन यांनी उंदराच्याच लाळग्रंथींचा अर्क पिल्लांना टोचला, तर पापण्या सातव्या दिवशीच उघडू लागल्या. दातही लवकर आले. खरं तर त्यांचं काम चाललं होतं वेगळ्याच प्रथिनावर! पण त्यांनी हे सोडून दिलं नाही. अर्काचे भाग पाडायचे, एकेक भाग पिल्लांना टोचायचा आणि पापण्यांकडे पाहत राहायचं, मोजमाप तेवढंच. १९६२मध्ये पापण्या लवकर उघडणारं प्रथिन हाती आलं. ५३ अमिनो आम्लांची ही छोटी साखळी म्हणजे ‘एपिडर्मल ग्रोथ फॅक्टर’. ती पेशीच्या बाहेरच्या ग्राहीला चिकटते आणि आत विभाजनाचा निरोप जातो. याच ग्राहीला अडवणारी औषधं आज फुप्फुसाच्या काही कर्करोगांवर देतात.