हवेली, तळघर आणि त्रिशूळ : ऐंशीच्या दशकातील हिंदी भयपट

हिंदी चित्रपटाला भुताखेतांचे वावडे कधीच नव्हते. कमाल अमरोहींचा ‘महल’ १९४९मध्ये आला, १९६२मध्ये ‘बीस साल बाद’ आणि १९६४मध्ये ‘वह कौन थी’ गाजले. धुक्यातून चालणारी पांढऱ्या साडीतली स्त्री, ओसाड वाडा आणि दुरून ऐकू येणारे गाणे ही सामग्री तेव्हापासूनच तयार होती. मात्र या चित्रपटांतले भूत शेवटच्या रिळात माणूस निघत असे. कुठे सूडाचा बेत असायचा, कुठे इस्टेटीसाठी रचलेले कारस्थान. ते खरे तर रहस्यपट होते. भूत शेवटपर्यंत भूतच राहते, त्याला दात, नखे आणि कुजलेला चेहरा असतो आणि त्याचा बंदोबस्त पोलिसांऐवजी त्रिशुळाने करावा लागतो, असा चित्रपट हिंदीत रुजला तो १९७०च्या दशकाच्या अखेरीस. पुढच्या दहा वर्षांत त्याचा एक स्वतंत्र बाजार उभा राहिला. या बाजाराचे मुख्य दुकानदार होते रामसे बंधू.

एका अपयशातून लागलेला शोध

फत्तेचंद उत्तमचंद रामसिंघानी यांचे कराचीत रेडिओचे दुकान होते. इंग्रज गिऱ्हाइकांच्या सोयीसाठी आडनावाचे ‘रामसे’ झाले, असे सांगितले जाते. फाळणीनंतर कुटुंब मुंबईला आले. एफ. यू. रामसे या नावाने ते चित्रपटनिर्मितीत उतरले. १९५४च्या ‘शहीद-ए-आझम भगतसिंग’नंतर त्यांनी १९६३मध्ये ‘रुस्तम सोहराब’ काढला. पृथ्वीराज कपूर आणि सुरैया यांच्या भूमिका असलेला हा चित्रपट ‘रणांगण’कार विश्राम बेडेकर यांनी दिग्दर्शित केला होता. सुरैयाचा तो शेवटचा चित्रपट.

१९७०मध्ये बेडेकरांच्याच दिग्दर्शनाखाली रामसेंनी ‘एक नन्ही मुन्नी लडकी थी’ काढला आणि तो साफ पडला. त्यात पृथ्वीराज कपूर भयानक मुखवटा चढवून चोरी करतात, असा एक प्रसंग होता. रिकाम्या होत चाललेल्या चित्रपटगृहांत तेवढ्या प्रसंगाला मात्र प्रेक्षक दचकत होते, ओरडत होते. तुलसी आणि श्याम या रामसेपुत्रांनी ते हेरले. लोकांना इतकेच आवडत असेल, तर सगळा चित्रपटच तसा का करू नये, असा त्यांचा सरळ हिशेब होता.

त्यातून १९७२मध्ये ‘दो गज जमीन के नीचे’ तयार झाला. चित्रीकरणासाठी सगळे कुटुंब मोजक्या कलाकारांसह महाबळेश्वरला गेले आणि सरकारी विश्रामगृहात मुक्काम ठोकून सुमारे चाळीस दिवसांत काम उरकून परतले. खर्च साडेतीन लाखांच्या आसपास आल्याचे रामसे बंधू पुढे सांगत. हा चित्रपट चालला आणि कुटुंबाचा मार्ग ठरला. सात भावांनी कामे वाटून घेतली. कुमार पटकथा लिहीत, तुलसी आणि श्याम दिग्दर्शन करत, गंगू कॅमेरा सांभाळत, किरण ध्वनी पाहत, अर्जुन संकलन करत आणि केशू निर्मितीपासून छायाचित्रणापर्यंत पडेल ते काम करत. चित्रपटविद्येचे रीतसर शिक्षण कुणाचेच झालेले नव्हते. वडिलांनी हाती दिलेली इंग्रजी पुस्तके आणि सेटवरचा अनुभव एवढेच त्यांचे भांडवल.

ताऱ्याच्या जागी भूत

सत्तर-ऐंशीच्या दशकांत हिंदी चित्रपटाचा सर्वांत मोठा खर्च ताऱ्यांवर होई. मोठा नट एकाच वेळी अनेक चित्रपट हाती घेई, तारखा जुळत नसत आणि व्याजाने काढलेला पैसा अडकून चित्रपट वर्षानुवर्षे रखडत. रामसेंनी हा प्रश्नच निकालात काढला. त्यांच्या चित्रपटात पोस्टरवर भूत असे, नायक कोण याला महत्त्व नसे. नवखे किंवा मागे पडलेले कलाकार, एखाद्या जुन्या वाड्यात सलग मुक्काम, घरचेच तंत्रज्ञ आणि ठरल्या मुदतीत पूर्ण होणारे काम अशी त्यांची पद्धत होती. मुरूडचा जंजिऱ्याच्या नवाबाचा राजवाडा त्यांच्या काही चित्रपटांत दिसतो. खरा वाडा मिळाला की सेटचा खर्च वाचे, शिवाय ओल धरलेल्या भिंती आणि उंच जिने आपोआप मिळत.

याच काळात प्रेक्षकही बदलत होता. १९८२च्या आशियाई क्रीडा स्पर्धांच्या निमित्ताने रंगीत दूरदर्शन आले, पाठोपाठ व्हिडिओ कॅसेटचे पेव फुटले. नव्या चित्रपटांच्या चोरट्या कॅसेटी भाड्याने मिळू लागल्यावर शहरी मध्यमवर्गीय कुटुंबे घरी बसून चित्रपट पाहू लागली. थिएटरे ओस पडू लागली, त्यांची निगा राखणे मालकांना परवडेना. तिथे उरला तो मुख्यतः तरुण, कष्टकरी, पुरुष प्रेक्षक. तालुक्याच्या गावांतली आणि शहरांच्या कडेची जुनी चित्रपटगृहे अशा प्रेक्षकांवर तग धरून होती. मोठे चित्रपट तिथे उशिरा पोहोचत किंवा वितरकाला महाग पडत. स्वस्तात मिळणारा आणि रात्रीच्या खेळाला हमखास गर्दी खेचणारा भयपट या थिएटरांच्या उपयोगी पडला.

या चित्रपटांची भेळ अशी का होती, याचे उत्तर इथेच सापडते. भीतीच्या दोन प्रसंगांमध्ये गाणे, मारामारी, विनोदी उपकथानक आणि धबधब्याखालची किंवा न्हाणीघरातली नायिका हे सगळे असायचेच. तिकीट काढणाऱ्याला तीन तासांत नेहमीच्या हिंदी चित्रपटात मिळते ते सारे हवे होते, भीती त्यावर वरकड. ‘फक्त प्रौढांसाठी’ हा शिक्का इतर निर्मात्यांना नुकसानीचा वाटे. भयपटाच्या पोस्टरवर तो ठळक छापला जाई, कारण तो पाहूनच गिऱ्हाईक येत असे.

‘पुराना मंदिर’ आणि त्याचा साचा

‘दरवाजा’ (१९७८), ‘दहशत’ (१९८१) आणि ‘हॉटेल’ (१९८१) यांतून घडत गेलेला साचा १९८४च्या ‘पुराना मंदिर’मध्ये पक्का झाला. दोनशे वर्षांपूर्वी राजा हरिमानसिंग हा सामरी नावाच्या सैतानपूजकाला पकडून त्याचा शिरच्छेद करतो. मुंडके हवेलीत आणि धड मंदिराजवळ पुरले जाते. मरताना सामरी शाप देतो, की या घराण्यातली प्रत्येक स्त्री बाळंतपणात मरेल आणि त्याचे मुंडके व धड पुन्हा जुळले की घराण्याचा नाश होईल. वर्तमानकाळात त्याच वंशातले ठाकूर शहरात राहतात आणि मुलगी सुमन हिला प्रेमापासून दूर ठेवू पाहतात. शापाची गोष्ट कळताच सुमन, तिचा प्रियकर आणि मित्रमंडळी छडा लावायला हवेलीवर जातात. मग व्हायचे ते होते.

मोहनीश बहल, आरती गुप्ता आणि पुनीत इस्सर यांच्यासोबत या चित्रपटात सदाशिव अमरापूरकरही आहेत. जगदीप यांच्या वाट्याला ‘शोले’चे विडंबन असलेले एक संपूर्ण उपकथानक आले आहे, त्याचा सामरीशी फारसा संबंध नाही. लोकांच्या लक्षात राहिले ते सामरी झालेले अनिरुद्ध अग्रवाल. रुरकीत शिकलेल्या या स्थापत्य अभियंत्याची उंची आणि चेहऱ्याची ठेवण अशी, की रंगभूषेचे निम्मे काम आधीच झालेले असे. ‘पुराना मंदिर’ने चांगला धंदा केला. मल्याळम ‘माय डिअर कुट्टिचातन’ने (१९८४) देशात त्रिमितीची लाट आणली होती, तिचा फायदा घेत रामसेंनी १९८५मध्ये ‘३डी सामरी’ काढला. पाठोपाठ ‘तहखाना’ (१९८६), ‘डाक बंगला’ (१९८७), ‘वीराना’ (१९८८), ‘पुरानी हवेली’ (१९८९) आणि ‘बंद दरवाजा’ (१९९०) आले.

दृश्यशैली उघडपणे ब्रिटनच्या हॅमर कंपनीची होती. या कंपनीने १९५८च्या ‘ड्रॅक्युला’सारख्या चित्रपटांतून रंगीत भयपटाची जी मांडणी केली, तिच्यातला वाडा, शवपेटी, धूर आणि लाल-निळा प्रकाश रामसेंनी उचलला. पण कथेची तर्कसंगती देशी केली. क्रुसाच्या जागी त्रिशूळ आणि ॐ आले, सरदाराच्या जागी ठाकूर आणि पाद्र्याच्या जागी पुजारी किंवा मांत्रिक. ड्रॅक्युला परका माणूस गाठून त्याचे रक्त पितो. सामरी मात्र एका विशिष्ट घराण्याच्या मागे लागतो. वैर पिढीजात आहे आणि ते नातवंडा-पतवंडांना फेडावे लागते. शाप, वंश आणि पूर्वजांचे देणे या कल्पना भारतीय प्रेक्षकाला वेगळ्या समजावून सांगाव्या लागत नव्हत्या.

हवेलीत दडलेले काय होते

भुताचा पत्ता जवळजवळ प्रत्येक चित्रपटात हवेली किंवा डाक बंगला हाच असतो. स्वातंत्र्यानंतर जमीनदारी कायद्याने संपवली गेली, १९७१मध्ये संस्थानिकांचे तनखे बंद झाले. देशभर असे वाडे पडीक होत होते आणि आत काय घडले असेल याच्या कहाण्या गावोगाव होत्या. भयपटातली तरुण मंडळी जीपमधून, कॅमेरा आणि टेपरेकॉर्डर घेऊन अशा ठिकाणी येतात. म्हातारा नोकर त्यांना परत जायला सांगतो, ते हसतात. आजोबा-पणजोबांच्या सत्तेचा हिशेब अजून मिटलेला नाही, हे त्यांना तळघरात उतरल्यावर कळते.

ही सरंजामशाहीवरची टीका आहे, असे म्हणणे मात्र धाडसाचे ठरेल. ठाकूर बहुधा सज्जन असतो आणि शाप देणारा खलच असतो. सैतानाची पूजा करणारे लोक काळे, डोंगरात राहणारे आणि रानटी दाखवले जातात. त्यातून उच्चकुलीनांच्या मनातली जुनी भीतीच जशीच्या तशी पडद्यावर येते. स्त्रीचे चित्रणही असेच दुहेरी आहे. ‘पुराना मंदिर’मध्ये शाप बाळंतपणावर आहे, ‘वीराना’मध्ये चेटकिणीने झपाटलेली तरुणी पुरुषांना मोहात पाडून मारते. स्त्रीचे शरीर एकीकडे पाहण्याची वस्तू, तर दुसरीकडे घराण्यावरच्या संकटाचे मूळ. सुटका होते ती तिला पुन्हा घराच्या आणि देवाच्या चौकटीत आणून बसवल्यावर.

जमीन आणि पाप यांचा विचार अधिक गंभीरपणे करणारा एक चित्रपट दशकाच्या सुरुवातीलाच येऊन गेला होता. विकास देसाई आणि अरुणा राजे यांच्या ‘गहराई’च्या (१९८०) लेखनात विजय तेंडुलकरांचा सहभाग होता. बंगळूरला राहणारा एक सुशिक्षित अधिकारी गावाकडची वडिलोपार्जित जमीन कंपनीला विकतो आणि त्याच्या मुलीला कुणीतरी झपाटते. मातीशी बांधलेल्या जुन्या नोकराचा आक्रोश आणि मालकाने केलेला अन्याय मुलीच्या तोंडून बोलू लागतात. विवेकवादी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या डॉ. श्रीराम लागूंनी यातला अश्रद्ध बाप साकारला, तर झपाटलेल्या मुलीची भूमिका पद्मिनी कोल्हापुरेंनी केली. डॉक्टर आणि मांत्रिक यांच्यामध्ये सापडलेल्या मध्यमवर्गीय घराची ओढाताण ‘गहराई’ने जितकी नेमकी टिपली, तितकी त्या दशकातल्या दुसऱ्या भयपटाने क्वचितच टिपली असेल. पण त्याच्या वाटेने कुणी गेले नाही, बाजार सामरीच्या मागे गेला.

नकला, कात्री आणि उतार

धंदा होतोय म्हटल्यावर इतरही सरसावले. मोहन भाकरींचे ‘चीख’, ‘खूनी महल’ आणि ‘कब्रस्तान’ तसेच विनोद तलवारांचा ‘रात के अंधेरे में’ हे दशकाच्या उत्तरार्धातले चित्रपट रामसेंच्याहून कमी पैशांत आणि कमी कसबात बनलेले होते. मुखवटे रबराचे आहेत हे लपत नसे, इंग्रजी चित्रपटांतले प्रसंग बिनदिक्कत उचलले जात. परीक्षण मंडळाशी झटापट ठरलेलीच होती. १९८३मध्ये ‘यूए’ हे मधले प्रमाणपत्र आले, पण रक्त आणि देहप्रदर्शन यांवर उभ्या असलेल्या या चित्रपटांना त्याचा उपयोग नव्हता. ‘वीराना’ला परीक्षणात बराच त्रास झाला. याच चित्रपटात सतीश शाह यांनी ‘हिचकॉक’ हे टोपणनाव मिरवणारा भयपटांचा दिग्दर्शक रंगवला आहे. रामसेंना स्वतःची थट्टा करता येत होती, याचा तो पुरावा.

‘बंद दरवाजा’नंतर ओघ आटत गेला. एकच साचा दहा वर्षे वापरून झिजला होता आणि १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला खासगी उपग्रह वाहिन्या घरात आल्या. रामसेही तिकडेच वळले. १९९३मध्ये झी टीव्हीवर सुरू झालेल्या ‘झी हॉरर शो’मुळे थिएटरात कधी न गेलेल्या बायकामुलांपर्यंत त्यांचे भूत पोहोचले. मोठ्या पडद्यावर १९९२मध्ये राम गोपाल वर्मांच्या ‘रात’ने भुताला हवेलीतून काढून साध्या मध्यमवर्गीय घरात आणले. मराठीत महेश कोठारेंच्या ‘झपाटलेला’ने (१९९३) भीतीला हास्याची जोड देऊन तात्या विंचू घरोघरी नेला.

समीक्षकांनी या चित्रपटांची दखल त्या काळी क्वचितच घेतली आणि घेतली ती नाक मुरडून. पुढे परदेशात ‘मोंडो मकाब्रो’ या कंपनीने रामसेपटांच्या डीव्हीडी काढल्या, अभ्यासक या चित्रपटांकडे वळले. तुलसी रामसे २०१८मध्ये आणि श्याम रामसे २०१९मध्ये निवर्तले, तेव्हा वृत्तपत्रांनी एका वेगळ्या चित्रप्रकाराचे प्रवर्तक म्हणून त्यांची नोंद घेतली. त्यांच्या शैलीचे अनुकरण आज विनोदापुरतेच होते. त्यांचा आर्थिक हिशेब मात्र हिंदी चित्रपटाने कायमचा उचलला. २००२चा ‘राज’ फारसे नाव नसलेल्या कलाकारांवर यशस्वी झाला, २०११चा ‘रागिनी एमएमएस’ अगदी थोड्या पैशांत बनून चालला. मोठा तारा नसताना तिकिटे खपवण्याची ताकद भीतीत आहे, हे महाबळेश्वरच्या विश्रामगृहात सिद्ध झालेले गणित पुढच्या निर्मात्यांना आयते मिळाले होते.