चाळीस जणांची मोहीम आणि तिचे प्रेक्षक

‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ हा हजारो लोकांनी एकाच वेळी इंटरनेटवर खेळायचा अद्भुत दुनियेचा खेळ कॅलिफोर्नियातल्या ब्लिझार्ड एंटरटेनमेंट या कंपनीने नोव्हेंबर २००४ मध्ये अमेरिकेत सुरू केला. योद्धा, जादूगार, शिकारी, पुरोहित असे एखादे पात्र घेऊन खेळाडू ॲझरॉथ नावाच्या जगात उतरतो आणि राक्षस मारत, कामगिऱ्या पार पाडत त्या पात्राचे बळ वाढवत नेतो. मूळ खेळात साठाव्या पातळीला ही वाढ थांबत असे. तिथवरची वाट एकट्याने चालता येई, पुढची मात्र नाही. ब्लॅकरॉक पर्वताच्या पोटातली ‘मोल्टन कोअर’ ही लाव्ह्याने धगधगणारी गुहा चाळीस खेळाडूंसाठी बेतलेली होती. अशा सामूहिक मोहिमेला खेळाडू ‘रेड’ म्हणतात, आणि त्यासाठी कायमचा जमलेला संच म्हणजे ‘गिल्ड’. या मोहिमा आता इंटरनेटवरून थेट दाखवल्या जातात आणि खेळाशी एरवी काही संबंध नसलेले लोकही त्या तासन्‌तास बघतात.

अशा खेळांचे मूळ कागद-पेन्सिल आणि फाशांच्या ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’मध्ये आहे. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा हा खेळ १९७४ साली अमेरिकेत प्रसिद्ध झाला. चारपाच मित्र टेबलाभोवती बसून काल्पनिक भुयारात शिरत, तेव्हापासून टोळीने साहस करण्याची रीत पडली. १९७८ मध्ये इंग्लंडच्या एसेक्स विद्यापीठात रॉय ट्रबशॉ आणि रिचर्ड बार्टल यांनी संगणकावर अनेकांनी मिळून खेळायचे सुरुवातीच्या काळातले एक जग उभारले. त्यात चित्र नव्हते, सगळा कारभार अक्षरांचा होता. मार्च १९९९ मध्ये आलेल्या ‘एव्हरक्वेस्ट’ने त्रिमितीय जग दिले आणि डझनावारी खेळाडूंनी एकत्र येऊन एका ड्रॅगनला घेरण्याची प्रथा रुजवली. वॉरक्राफ्टने ती लाखो खेळाडूंपर्यंत नेली.

चाळीस जणांत कामाची वाटणी ठरलेली असते. ‘टँक’ म्हणजे जाड चिलखत घालून राक्षसाचे घाव स्वतःवर घेणारे. ‘हीलर’ जखमी साथीदारांच्या अंगात जीव भरत राहतात. उरलेले सगळे मारा करतात. राक्षस कोणावर चालून जाणार, हे त्याला कोणाचा किती राग आलाय यावर ठरते. टँकने राग पुरेसा ओढून घेण्याआधीच एखाद्या उतावळ्या जादूगाराने जोरदार मारा केला, तर राक्षस त्याच्याकडे वळतो आणि एका फटक्यात त्याला संपवतो. म्हणून हात आवरता येणे हे मारा करता येण्याइतकेच मोठे कौशल्य मानले जाते.

मोल्टन कोअरमध्ये दहा प्रमुख शत्रू आहेत. त्यांतल्या बॅरन गेडनशी होणारी लढत पाहिली, तर हा खेळ बघायला का आवडतो ते कळते. गेडन चाळिसातल्या कोणा एकाला ‘जिवंत बॉम्ब’ करतो. त्या खेळाडूपाशी आठ सेकंद असतात. तेवढ्यात त्याने हातातले काम टाकून जमावापासून दूर पळायचे आणि एकट्याने फुटायचे. तो जागचा हलला नाही, तर शेजारचे दहाबारा जण त्याच्यासोबत जातात. त्यांत हीलर असले तर टँक पडतो, टँक पडला की सगळेच पडतात. असा सगळा संच गारद होण्याला ‘वाइप’ म्हणतात. त्या आठ सेकंदांत मोहिमेचा म्होरक्या बॉम्ब झालेल्याचे नाव घेऊन ‘पळ, पळ’ म्हणून ओरडतो. कोणी आपल्याच पडद्यात इतका गुंतलेला असतो की त्याला ऐकूच येत नाही, कोणी घाबरून नेमका गर्दीतच शिरतो. चुकणारा माणूस कोण, हे सगळ्यांना तत्क्षणी दिसते आणि म्होरक्या त्याला कसे सांभाळून घेतो, हेही.

या मोहिमांचा प्राण आवाजात आहे. टीमस्पीक, व्हेंट्रिलो आणि २०१५ नंतर डिस्कॉर्ड या साधनांवर चाळीस माणसे एकमेकांशी बोलत असतात. लढाई तापली की म्होरक्याखेरीज सगळ्यांनी गप्प बसायचे, हा जवळजवळ सार्वत्रिक शिरस्ता. शत्रू कोसळला की मात्र सगळे माईक एकदम उघडतात आणि आरोळ्यांनी कान किटतात. नुसती चित्रफीत आवाज बंद करून पाहिली तर रंगीबेरंगी गोंधळापलीकडे हाती काही लागत नाही.

सुरुवातीच्या वर्षांत बाहेरच्यांना यातले फारसे काही बघायला मिळत नव्हते. मोल्टन कोअरचा अधिपती रॅग्नारोस एप्रिल २००५ मध्ये प्रथम पडला, खेळ सुरू होऊन पाच महिने झाल्यावर. जगाला त्याची खूण म्हणजे विजयानंतर टिपलेली स्थिर चित्रे. आघाडीचे गिल्ड आपले डावपेच जपून ठेवत, कारण पहिले येण्याचा मान त्यावर अवलंबून असे. त्याच वर्षी मे महिन्यात ‘लीरॉय जेन्किन्स’ ही छोटी चित्रफीत इंटरनेटवर पसरली. साथीदार योजना आखत बसलेले असताना एक जण स्वतःच्या नावाची आरोळी ठोकून ड्रॅगनच्या पिल्लांमध्ये घुसतो आणि सगळ्यांना घेऊन मरतो. प्रसंग ठरवून केलेला होता, तरी मोहिमेत काय काय घडू शकते याची चव त्याने खेळाबाहेरच्या लाखोंना दिली.

थेट प्रक्षेपणाची सोय जून २०११ मध्ये ट्विच सुरू झाल्यावर आवाक्यात आली. ‘जस्टिन डॉट टीव्ही’ या २००७ पासूनच्या संकेतस्थळाची खेळांसाठी काढलेली ही शाखा मूळ संस्थेपेक्षा मोठी झाली आणि ऑगस्ट २०१४ मध्ये ॲमेझॉनने ती ९७ कोटी डॉलरना घेण्याचे जाहीर केले. ओबीएस हे फुकट सॉफ्टवेअर, बरा माईक आणि भरवशाचे इंटरनेट एवढ्यावर कोणालाही आपला पडदा जगाला दाखवता येऊ लागला. तरीही आघाडीचे गिल्ड डावपेच झाकूनच ठेवत होते. सप्टेंबर २०१८ मध्ये युरोपातल्या ‘मेथड’ने ‘उल्डिर’ची मोहीम दिवसचे दिवस थेट दाखवली आणि सगळ्यांच्या देखत पहिला क्रमांकही पटकावला. उघड्यावर खेळूनही जिंकता येते हे दिसल्यावर पुढच्या काही वर्षांत थेट प्रक्षेपण हाच आघाडीच्या शर्यतीचा रिवाज झाला.

जुन्या खेळाचे पुनरागमन ही या कथेतली सर्वांत मोठी घडामोड. वर्षे सरली तशी ब्लिझार्डने खेळात इतकी भर घातली, इतक्या सोयी केल्या की २००४ चे खडतर, संथ ॲझरॉथ उरलेच नाही. काही चाहत्यांनी ‘नॉस्टालरियस’ नावाचा अनधिकृत सर्व्हर चालवून ते जिवंत ठेवले होते. कायदेशीर नोटीस आल्यावर तो एप्रिल २०१६ मध्ये बंद झाला, पण त्यानिमित्ताने किती लोकांना जुना खेळ हवा आहे ते दिसून आले. अखेर २७ ऑगस्ट २०१९ रोजी ‘वॉरक्राफ्ट क्लासिक’ अधिकृतपणे सुरू झाला. ट्विचवर त्या सुमारास एकाच वेळी पाहणाऱ्यांची संख्या दहा लाखांवर गेली. नामांकित स्ट्रीमरांनी, म्हणजे आपला खेळ थेट दाखवणाऱ्यांनी, निवडलेल्या फेअरलीनासारख्या सर्व्हरवर आत शिरायला हजारोंची रांग लागली. ‘एप्स’ नावाच्या गिल्डने आठवडाही उलटायच्या आत रॅग्नारोसला पाडले, तेही साठाव्या पातळीला न पोहोचलेले काही साथीदार बरोबर घेऊन. पंधरा वर्षांत खेळाडूंनी या खेळाची नस अन् नस ओळखली होती. त्यामुळे क्लासिकच्या प्रेक्षकाला ‘हे जमेल का’ यापेक्षा कोण, कोणासोबत, कशा रीतीने करतो यातच जास्त रस होता.

प्रक्षेपकाच्या पडद्यावर एका कोपऱ्यात त्याचा चेहरा, मध्ये लढाई आणि कडेला प्रेक्षकांच्या संदेशांचा ओघ असतो. चित्र प्रेक्षकापर्यंत काही सेकंद उशिरा पोहोचते. काही जण हा उशीर मुद्दाम वाढवतात, कारण प्रतिस्पर्धीही बघत असतात. ज्या सर्व्हरवर खेळाडूंना एकमेकांना मारण्याची मुभा आहे, तिथे विरोधी गट प्रक्षेपण पाहून ब्लॅकरॉक पर्वताच्या वाटेवर दबा धरून बसतो. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर रात्री आठला सुरू होणारी मोहीम महाराष्ट्रात पहाटे साडेपाचला किंवा साडेसहाला दिसते. इथल्या प्रेक्षकाला युरोपातले गिल्ड सोयीचे, पण त्यासाठीही मध्यरात्रीपर्यंत जागावे लागते. प्रक्षेपकाची कमाई प्रेक्षकांच्या मासिक वर्गणीतला वाटा, जाहिराती आणि ‘बिट्स’ नावाच्या छोट्या देणग्या यांतून होते.

लुटीची वाटणी हा वादाचा जुना विषय. राक्षसाकडून दोनतीनच मौल्यवान वस्तू मिळतात आणि हक्क सांगणारे चाळीस. हजेरी आणि मेहनत यांचे गुण साठवून त्यांवर बोली लावण्याची पद्धत एव्हरक्वेस्टच्या काळापासून चालत आली आहे; काही गिल्ड जाणत्यांच्या समितीकडे निर्णय सोपवतात. प्रक्षेपणामुळे हे व्यवहार उघड्यावर आले. पक्षपात झाला तर हजारो साक्षीदार असतात, ही गोष्ट गिल्डच्या दृष्टीने चांगलीच म्हणायला हवी. मात्र चुकलेल्या खेळाडूवर तेच हजारो तुटून पडतात, आणि हा या प्रकाराचा सर्वांत वाईट भाग आहे. संदेशांवर लक्ष ठेवणारे नियंत्रक नसतील तर एखादा नवखा कायमचा खेळ सोडून जातो.

ऑगस्ट २०२३ मध्ये ब्लिझार्डने क्लासिकचे ‘हार्डकोअर’ सर्व्हर उघडले. तिथे पात्र एकदा मेले की महिन्यांची मेहनत संपली. प्रक्षेपणासाठी याहून थरारक काही नाही. संकट आल्यावर साथीदारांसाठी थांबायचे की जीव घेऊन पळायचे, या निर्णयावर प्रेक्षक आठवडेच्या आठवडे वाद घालतात. मार्च २०२५ मध्ये ‘ओन्लीफँग्ज’ या स्ट्रीमरांच्या गिल्डची मोहीम रंगात असताना सर्व्हरवर बाहेरून हल्ला झाला, जोडणी तुटली आणि पात्रे हकनाक मेली. अशा हल्ल्यात मेलेल्या पात्रांना परत जिवंत करण्याचा निर्णय ब्लिझार्डने घेतला. नियमाच्या कडकपणावर उभ्या असलेल्या खेळात हा अपवाद न्याय्यच होता, कारण ती पात्रे कोणाच्या खेळातल्या चुकीने मेली नव्हती.

प्रक्षेपणे टिकवण्याचा प्रश्न अजून सुटलेला नाही. ट्विच पूर्ण प्रक्षेपण ठरावीक दिवसांनंतर काढून टाकते. वेचून ठेवलेल्या भागांवरही कंपनीने २०२५ मध्ये प्रत्येक चॅनलमागे एकूण शंभर तासांची मर्यादा घातली. ज्यांना जमते ते चित्रफिती यूट्यूबवर हलवतात, पण सहसा विजयाची दहा मिनिटेच हलवली जातात. त्याआधीच्या वाइप, भांडणे आणि समजुतीचे तास पुसले जातात. नव्या गिल्डला मोहीम शिकायला याच तासांचा जास्त उपयोग होतो, म्हणून काही म्होरके आता हरलेल्या रात्रींच्या चित्रफितीही संपूर्ण साठवून ठेवतात.