साखळीचा पैसा की विक्रीचा पैसा?



"ताई, घरबसल्या कमवा, फक्त पाच जणी जोडा," असं सांगणारी माणसं आता बचत गटाच्या बैठकीपर्यंत येतात. गटात एका वेळी दहा-बारा जणी भेटतात आणि आपला एकमेकींवर विश्वास असतो, हे त्यांना पक्कं ठाऊक असतं. दुकानाऐवजी थेट गिऱ्हाइकाच्या घरी माल विकणं म्हणजे थेट विक्री. हा कायदेशीर धंदा आहे आणि मेहनतीने त्यात चार पैसे मिळतात. पण त्याच नावाखाली साखळी योजनाही चालतात. दोन्हींतला फरक आज समजून घेऊ.

प्रश्न एकच विचारायचा: पैसा कुठून येतो? गिऱ्हाइकाने साबण किंवा चहा पावडर गरजेपोटी विकत घेतली आणि त्यातून नफा सुटला, तर ती विक्री. नवीन बाई जोडली म्हणून तिने भरलेल्या पैशातून वाटा मिळाला, तर ती साखळी.

साखळी का तुटते, त्याचा हिशोब बोटांवर होतो. एकीने पाच जोडल्या. त्या पाचींनी पाच-पाच जोडल्या, झाल्या २५. पुढे १२५, मग ६२५, आणि पाचव्या पायरीला ३,१२५. दोन हजार वस्तीच्या गावात एवढी माणसंच नाहीत. शेवटच्या पायरीवरच्या बायांना जोडायला कोणी उरत नाही, आणि सगळ्यात जास्त बाया त्याच पायरीवर असतात.

कायदाही हेच सांगतो. पैसे फिरवण्याच्या योजनांवर १९७८ च्या कायद्याने बंदी आहे. 'ग्राहक संरक्षण (थेट विक्री) नियम, २०२१' प्रमाणेही साखळी योजना चालवता येत नाही. विक्रेत्याकडे ओळखपत्र हवं आणि आधी विचारल्याशिवाय त्याने कोणाच्या घरी जाऊ नये. कंपनीशी लेखी करार हवा. करार ठरावीक मुदतीत दंड न भरता रद्द करता आला पाहिजे. ती मुदत किती आणि न विकलेला माल परत घेणार का, हे सही करण्याआधी वाचून घ्या. नुसतं सभासद होण्यासाठी कोणी पैसे मागितले, तर तिथेच थांबा.

कंपनी खरी निघाली, तरी आपली वही हवी. समजा, ५,००० रुपयांचा माल घेतला आणि तो सगळा विकून ६,००० येणार आहेत. कागदावर नफा १,०००. महिनाअखेर रोख आले ४,२००, उधारी राहिली ६००, आणि १,२०० चा माल घरातच पडून. एसटीला गेले २५०. म्हणजे घातलेल्या पैशांपेक्षा हातात १,०५० कमीच. म्हणून पहिल्यांदा थोडाच माल घ्या. आपण स्वतः वापरून पाहिलेली वस्तूच विका. उधारीची मर्यादा ठरवा. कोणाच्या घरी काय, कधी संपतं ते लिहून ठेवा आणि त्या वेळी जा. पुन्हा पुन्हा घेणारी वीस घरं मिळाली, तर धंदा उभा राहतो. पावडरीने साखर किंवा सांधेदुखी बरी होते, असं मात्र कधीही सांगू नका. त्या भरवशावर कोणी गोळ्या बंद केल्या, तर जिवावर बेतेल.

आणखी एक. गटाचं अंतर्गत कर्ज सभासद जोडण्यासाठी देऊ नका. साखळी तुटली की वरचा माणूस फोन उचलत नाही, आणि जाऊबाई, नणंद, शेजारीण आपल्याच दारात येऊन पैसे मागतात. हप्ता चुकतो, बैठकीला यायची लाज वाटते आणि वर्षानुवर्षं जमवलेला गट फुटतो.

फसवणूक झाली, तर गप्प बसू नका. पावत्या आणि मोबाइलवरचे निरोप जपून ठेवा. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. पैसे बुडाले असतील, तर पोलीस ठाण्यात तक्रार द्या. एकटीने जाऊ नका, गटाने मिळून जा.

येत्या बैठकीत हा पाचाचा हिशोब फळ्यावर मांडा. जिला वाचता येत नाही, तिलाही तो लगेच कळेल.