पोलंड: सर्वंकष सत्ता की नुसती हुकूमशाही?

विरोधक गप्प बसला की हुकूमशहाचे भागते. सर्वंकष सत्तेला मात्र माणसाचे शेत, शाळा, देव, डोके असे सगळेच ताब्यात हवे असते. १९५६मध्ये राज्यशास्त्रज्ञ फ्रीडरिश आणि ब्रझेझिन्स्की (हे जन्माने पोलिशच) यांनी तिची लक्षणे मांडली: एकच विचारसरणी, एकच पक्ष, दहशत, आणि प्रसारमाध्यमे, शस्त्रे व अर्थव्यवस्था यांवर पकड.

स्टालिनकाळातल्या पोलंडला हे वर्णन लागू पडते. १९५३मध्ये सरकारने पोलंडच्या कॅथलिक चर्चचे प्रमुख कार्डिनल विशिन्स्की यांनाच डांबले होते. पण १९५६नंतर सामूहिक शेती मोडली आणि बहुतेक शेतजमीन साम्यवादी राजवटीच्या शेवटपर्यंत खासगीच राहिली. चर्च तर भरलेली असतच, लुब्लिनचे कॅथलिक विद्यापीठही चालू होते. १९८०मध्ये ‘सॉलिडॅरिटी’ ही स्वतंत्र कामगार संघटना उभी राहिली आणि तिचे सुमारे एक कोटी सभासद झाले. म्हणूनच हुआन लिंझ यांच्यासारखे अभ्यासक पोलंडला सर्वंकष सत्तांमध्ये धरत नाहीत.

१३ डिसेंबर १९८१ला लष्करी कायदा पुकारला गेला. हजारो कार्यकर्ते स्थानबद्ध झाले, फोन तोडले गेले. ते पुन्हा सुरू झाल्यावर संभाषणावर देखरेख असल्याचे ध्वनिमुद्रित आवाजच सांगू लागला! ज्यांनी हे सोसले त्यांना ‘नुसती हुकूमशाही’ हे शब्द झोंबतात, ते रास्तच आहे. तरी माझ्या मते ‘सर्वंकष’ हा शिक्का राजवटीवर सरसकट मारू नये, वर्ष पाहून मारावा. १९५२ला तो शोभतो, १९७५ला नाही. १९८१ची तर तऱ्हाच वेगळी: पक्षप्रमुख यारुझेल्स्की गणवेशातले जनरल होते, आणि दूरचित्रवाणीवर बातम्या देणारेही गणवेशातच बसले.