रविवारचे फार्महाऊस आणि आजोबांचे वतन

ऑक्टोबर २०२५ मधली गोष्ट. अशोक विजयादशमीच्या सकाळी आमच्या विहाराबाहेर एक तरुण रंगीत पत्रके वाटत होता. वंदना आटोपून बाहेर पडणाऱ्या प्रत्येकाच्या हातात तो एक पत्रक देई आणि वर "जयभीम साहेब" म्हणे. पत्रकावर हिरवेगार डोंगर, तळ्याच्या काठी गळ टाकून बसलेला माणूस, शेकोटीभोवती बसलेले कुटुंब. मजकूर असा : 'मुंबईपासून दोन तासांवर तुमचे स्वतःचे फार्महाऊस! २ गुंठ्यांपासून पुढे. मासेमारी, शिकार, जंगलमुक्काम. सुलभ हप्ते.'

माझ्या पत्नीच्या थोरल्या बहिणीचे यजमान, ज्यांना आम्ही दाजी म्हणतो, ते वर्कशॉपमधून फिटर म्हणून नुकतेच निवृत्त झाले होते. फंडाचे आणि ग्रॅच्युइटीचे पैसे बँकेत पडून होते. छत्तीस वर्षे दहा बाय बाराच्या खोलीत संसार केलेल्या माणसाला ते चित्र पाहून काय वाटले असेल, हे आपल्या वाचकांना सांगायला नको. चार दिवसांतच दाजींनी २५ हजार रुपये टोकन भरले आणि मग मला सांगितले. अगोदर सांगितले असते तर हा लेख लिहावा लागला नसता.

पुढच्या रविवारी कंपनीच्या बसने आम्ही साईट पाहायला निघालो. बस फुकट, नाश्ता फुकट. मुरबाडच्या पुढे, माळशेजच्या दिशेला, मुख्य रस्ता सोडून आत तीनेक किलोमीटर. माळावर चुन्याच्या रेषा मारलेल्या होत्या आणि मध्ये एक कमान उभी होती. दाजींचा प्लॉट २ गुंठ्यांचा, भाव गुंठ्याला साडेतीन लाख. एक गुंठा म्हणजे १०८९ चौरस फूट आणि ४० गुंठ्यांचा एकर. बसमध्ये बसल्या बसल्या पावतीच्या पाठीमागे मी हिशेब केला : हा भाव एकरी १ कोटी ४० लाख पडत होता!

मी एजंटला गट नंबर विचारला. तो हसून म्हणाला, "सगळं क्लिअर आहे साहेब, ऑफिसात फाईल दाखवतो." दाजींनी मला कोपर मारले. "तुम्ही कारकुनी माणसं, जिथं तिथं कागद शोधता. जरा हवा खा की!"

हवा खात मी तळ्याकडे गेलो. पत्रकातले मासेमारीचे तळे ते हेच. तिथे मोळी बांधत बसलेल्या एका आदिवासी बाईंना मी विचारले, "मावशी, हे तळं कुणाचं?" त्या म्हणाल्या, "पंचायतीचा हाय. मासं धरायचा लिलाव होतो." मग चुन्याच्या रेषांकडे हात करून म्हणाल्या, "आन ह्यो माळ आमच्या सासऱ्याच्या नावावर हाय. अंगठा घेतला, काय लिवला ते ठावं नाय."

गट नंबर मला त्याच बाईंच्या मुलाने सांगितला.

आता त्या पत्रकातल्या शिकारीबद्दल दोन शब्द. अमेरिकेत लोक हरणाच्या शिकारीसाठी आणि मासेमारीसाठी रानाचे तुकडे खरोखरच विकत घेतात, आणि तिथे शिकारीचा परवानाही मिळतो. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार बंद केली. जमीन तुमच्या मालकीची असली तरी त्यात शिरलेला ससा तुमचा होत नाही. साधा फासा लावला तरी तो गुन्हा, आणि तुरुंगात एजंट जात नाही.

घरी आल्यावर १५ रुपये भरून महाभूलेखच्या संकेतस्थळावरून डिजिटल सहीचा सातबारा काढला. वाचक बंधू-भगिनींनो, सातबारा कसा वाचायचा हे आपल्या घरातील दहावी झालेल्या प्रत्येक मुलामुलीला यायला हवे, म्हणून थोडे सविस्तर सांगतो. अगदी वर गट नंबर आणि गावाचे नाव असते. तिथेच 'भूधारणा पद्धती' लिहिलेली असते, भोगवटादार वर्ग-१ किंवा वर्ग-२. वर्ग-१ म्हणजे साधारणपणे विकायला मोकळी जमीन. वर्ग-२ म्हणजे शासनाने काही अट घालून दिलेली जमीन, परवानगीशिवाय विकता न येणारी. मधल्या भागात खातेदारांची नावे, क्षेत्र आणि आकार असतो. उजवीकडे 'इतर अधिकार' हा रकाना असतो. लोक हा रकाना वाचत नाहीत, आणि सगळी मेख तिथेच असते : बँकेचा बोजा, कुळाचे नाव, वनखात्याचा शेरा, कोर्टाची मनाई. त्याखाली प्रलंबित फेरफार आहे की नाही तेही लिहिलेले असते.

त्या सातबाऱ्यावर खातेदार म्हणून कंपनीचे नाव कुठेच नव्हते. नऊ आदिवासी खातेदारांची नावे होती आणि इतर अधिकारात कलम ३६ व ३६ अ चा शेरा होता. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेचे हे कलम ३६ अ सांगते की, आदिवासीची जमीन बिगर आदिवासीला द्यायची असेल तर शासनाच्या संमतीने जिल्हाधिकाऱ्यांची पूर्वपरवानगी लागते. ती नसेल तर व्यवहार टिकत नाही आणि जमीन मूळ मालकाला परत जाऊ शकते. मग दाजींच्या हातात काय राहिले असते? कमानीचा फोटो!

बरे, जमीन आदिवासींची नसती तरी वाट सोपी नव्हती. १९४८ च्या कूळ कायद्याच्या कलम ६३ प्रमाणे जो शेतकरी नाही त्याला जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय शेतजमीन घेता येत नाही. एजंट म्हणाला, "शेतकरी दाखला आम्ही काढून देतो." म्हणजे खोटा दाखला! तो उघडकीला आला की कलम ८४ क खाली व्यवहार रद्द होऊन जमीन सरकारजमा होऊ शकते. शिवाय तुकडेबंदी आहेच. ऑगस्ट २०२३ मध्ये ठाण्यासह बहुतेक जिल्ह्यांत जिरायतीला २० गुंठे आणि बागायतीला १० गुंठे हे प्रमाणभूत क्षेत्र ठरले. त्याहून लहान तुकड्याचे स्वतंत्र खरेदीखत होत नाही. म्हणून हे लोक दहा-अकरा गिऱ्हाइकांच्या नावावर मिळून एकच खत करतात आणि त्याला 'अविभक्त हिस्सा' म्हणतात. चुन्याची रेष पावसात वाहून गेली की आपला तुकडा नेमका कोणता, हे सांगायला कुणी नसते. "तुकडेबंदी आता सरकारने उठवली," असेही एजंट सांगतो. २०२५ साली सवलतीचा निर्णय झाला हे खरे, पण ती सवलत शहरी हद्दीतल्या आणि आराखड्यात बिगरशेतीकडे गेलेल्या जमिनींसाठी आहे, मुरबाडच्या माळासाठी नाही. बिगरशेतीचा आदेश आणि मंजूर नकाशा असलेला प्लॉट ही वेगळी गोष्ट. तो महाग असतो, पण त्याचे कागद दाखवायला कुणी कां-कूं करीत नाही.

हे सगळे मी दाजींना सांगत होतो तेव्हा आमच्या ताई, म्हणजे दाजींच्या पत्नी, भाकरी थापत ऐकत होत्या. त्या मध्येच म्हणाल्या, "पण आपण शेतकरी नाही कसे? गावाला तुमच्या आजोबांचं वतन आहे ना?"

दाजी गप्प झाले. मग हळूच म्हणाले, "त्याचंच तर चाललंय."

'त्याचं' काय चालले होते, ते ऐकून माझ्या डोळ्यांपुढे अंधेरी आली. दाजींचे गाव पवन मावळात. पवना धरणाच्या काठाला आता दर शनिवार-रविवारी तंबूंची रांग लागते. मुंबई-पुण्याची मंडळी मुक्कामाला येतात, शेकोट्या पेटतात. त्यामुळे आसपासच्या जमिनीला गिऱ्हाईक आले आहे. दाजींच्या चुलत भावाकडे असाच एक गृहस्थ आला होता. वतनाची जमीन १ एकर १२ गुंठे, वारस १७. प्रत्येकाला रोख ४० हजार रुपये आणि सही कुलमुखत्यारपत्रावर. चौघांच्या सह्या झाल्या होत्या. दाजी त्या ४० हजारांत आणखी भर घालून मुरबाडचा पहिला हप्ता भरणार होते!

मी पुन्हा पावती उलटी केली. सतरा वेळा ४० हजार म्हणजे ६ लाख ८० हजार. जमीन ५२ गुंठे. भाव गुंठ्याला १३ हजार सत्त्याहत्तर रुपये. स्वतःची जमीन १३ हजाराने द्यायची आणि दुसऱ्याची, तीही फसवून घेतलेली, साडेतीन लाखाने घ्यायची. बी.कॉम.ला मला असा हिशेब कुणी शिकवला नव्हता.

वतन म्हणजे काय हे आपल्या तरुण पिढीला ठाऊक नसते. गावची पडेल ती कामे करायची, सांगावे पोचवायचे, सरकारी अंमलदार आला की धावायचे, रात्री-अपरात्री हाक आली की 'जोहार' घालून उभे राहायचे, आणि त्याबदल्यात एक तुकडा जमीन. ही गुलामगिरी मोडण्यासाठी बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदे कौन्सिलात वतनाच्या कायद्यात दुरुस्तीचे बिल मांडले. पुढे १९५८ च्या कायद्याने कनिष्ठ गाव वतने नष्ट झाली, १ ऑगस्ट १९५९ पासून तो अमलात आला आणि ठरावीक रक्कम भरून घेऊन जमिनी पुन्हा वतनदारांच्याच नावे करून देण्याची तरतूद झाली. पण अट घातली : जिल्हाधिकाऱ्यांच्या पूर्वपरवानगीशिवाय विकायची नाही, वाटपही करायचे नाही. सातबाऱ्यावर आपल्याला 'वर्ग-२' किंवा 'नवीन शर्त' दिसते ती यामुळे. परवानगी मागितली की नजराणा भरावा लागतो. म्हणूनच घेणारा खरेदीखत न मागता कुलमुखत्यारपत्र मागतो. त्या कागदाने तो आपल्या वतीने सगळे करायला मोकळा होतो, आणि शर्तभंग झाला तर नाव आपले असते.

सही करायची राहिलेल्यांत दाजींच्या थोरल्या बहीण होत्या. त्यांना सगळे अक्का म्हणतात. पिंपरीला राहतात, जन्मभर धुणीभांडी केली, वय सत्तरीचे. भावांनी त्यांना हिशेबातही धरले नव्हते, "तिची सही घेऊ सवडीनं" एवढेच. मुलीचा हिस्सा असतो हे घेणाऱ्याला माहीत होते, भावांना नव्हते. १९५६ चा हिंदू वारसा कायदा आपल्यालाही लागू आहे आणि २००५ च्या दुरुस्तीने वडिलोपार्जित मिळकतीतही मुलीचा हक्क मुलाइतकाच झाला. हिंदू कोड बिल रखडवले म्हणून बाबासाहेबांनी १९५१ साली मंत्रिपद सोडले, आणि आपण बहिणीची सही 'सवडीनं' घेतो! हे मी दाजींना तोंडावर बोललो. दोन दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत.

अशात नोव्हेंबर २०२५ मध्ये पुण्याच्या मुंढव्यातील प्रकरण वर्तमानपत्रांतून गाजू लागले. सुमारे ४० एकर महार वतनाची जमीन, ३०० कोटींचा व्यवहार, आणि तिथेही मूळ वतनदारांचे कुलमुखत्यारपत्र. अक्कांनी ते टीव्हीवर पाहिले आणि तिथूनच दाजींना फोन लावला. फोन स्पीकरवर होता, म्हणून आम्ही सगळ्यांनी ऐकले. "दादा, आजीनं ह्या वावरापायी पाटलाच्या दारात रात्री काढल्यात. मला चाळीस हजार नको आन चाळीस लाख बी नको. सही करणार नाय."

अक्कांनी नकार दिला तसे आणखी सहा जण मागे सरले. सह्या केलेल्या चौघांपैकी दोघांनी वकिलामार्फत मुखत्यारपत्र रद्द केल्याची नोटीस दिली आहे. दोघांनी पैसे खर्च केले, त्यांचे काय करायचे हा तिढा अजून सुटलेला नाही. मुरबाडच्या कंपनीकडे मी आणि दाजी चार खेपा घातल्या. २५ हजारांपैकी १५ हजार परत मिळाले. उरलेले 'प्रोसेसिंग'मध्ये गेले म्हणे.

आजोबांच्या नावाखाली वारसनोंद केलेलीच नव्हती. तलाठ्याकडे, ज्यांना आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, मृत्यूचे दाखले आणि प्रतिज्ञापत्र देऊन अर्ज केला. सतरा नावांत अक्कांचेही नाव घातले. फेरफार मंजूर होऊन सातबाऱ्यावर दाजींचे नाव आले. म्हणजे एजंट ज्या शेतकरी दाखल्याचे पैसे मागत होता, तो तहसील कचेरीतून मागण्याचा दाजींना खराखुरा हक्क होता! मुंबईत राहणाऱ्या आपल्या किती घरांत असे पणजोबांचे नाव तसेच पडून असेल कोण जाणे. ज्यांना गावाचे नाव आणि गट नंबर माहीत आहे, त्यांना उतारा कसा काढायचा हे दाखवायला आमचे मंडळ विहारात रविवारी दहा ते बारा बसते. येताना जुने कागद असतील ते आणावेत, फाटके असले तरी.

२६ जानेवारीला जोडून सुटी आली तेव्हा आम्ही सगळे त्या वावरात मुक्कामाला गेलो. त्याच मावळ तालुक्यात तळेगाव दाभाड्याला बाबासाहेबांचा बंगला आहे, जाताना मुलांना तो दाखवला. एवढ्या कामाच्या माणसालाही शहराबाहेर शांत जागा हवी होती, हे पोरांना फार नवल वाटले. वावरात घर नाही की विहीर नाही. घाणेरीची झुडपे माजलेली. ती तोडून जागा केली, ताडपत्री बांधली, चुलीवर पिठले केले. रात्री थंडी चांगलीच होती. दाजी बराच वेळ बांधावरून फिरत होते. अक्कांनी जुना आंबा ओळखला, तो मात्र निम्मा शेजाऱ्याच्या कुंपणात गेला आहे.

त्यासाठी आता सरकारी मोजणीचा अर्ज टाकला आहे. फी सतरा जणांत वाटून घेतली, तीन जणांची अजून यायची आहे. तारीख आली की दाजी आणि अक्का दोघेही हजर राहणार आहेत.